खालच्या १६८ रांगा: सांगलीतल्या अडत दुकानाचा दहा इंची लॅपटॉप

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात दहा इंची लॅपटॉप आहे. ॲटम एन२७० प्रोसेसर, त्यासोबतचा इंटेल जीएमए ९५० ग्राफिक्स, २ जीबी रॅम आणि १०२४ × ६०० चा पडदा. २००८ नंतरची दोन-तीन वर्षं ‘नेटबुक’ म्हणून असली यंत्रं धडाक्यात विकली गेली आणि मग मोठ्या फोनांनी आणि टॅब्लेटांनी त्यांचा बाजार उठवला. हे यंत्र मात्र दुकानात टिकलं, कारण सौदा चालू असताना दिवाणजी ते एका हातावर धरून ढिगाऱ्यापासून ढिगाऱ्यापर्यंत फिरतात. पंधरा इंची लॅपटॉप घेऊन हळदीच्या धुरळ्यात असं फिरून दाखवावं कुणी.

त्यावर डेबियन १२ या लिनक्सची ३२-बिट आवृत्ती आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. काम एकच: लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब, करायची आणि छापायची. वक्कल (मालाचा लॉट), पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. मालकांच्या भाच्याने, जो इंजिनिअरिंगला आहे, लिनक्स बसवून दिलं होतं आणि तो पुण्याला निघून गेला होता. नवीन राजापुरी हळद यायला लागली तशी तक्रार माझ्याकडे आली.

दिवाणजींच्या शब्दांत ती अशी: “साहेब, स्क्रीन बसंना झालीय. अक्षरं फुगल्यागत दिसत्यात, आणि प्रिंटचं बटणच हाताला लागंना.”

या एका वाक्यात दोन वेगळे आजार आहेत. अक्षरं फुगलेली दिसणं म्हणजे यंत्र पडद्याला चुकीचं रिझोल्यूशन देतंय. बटण हाताला न लागणं म्हणजे खिडकी पडद्यापेक्षा उंच आहे, आणि ते रिझोल्यूशन अगदी बरोबर असतानाही होऊ शकतं. पहिल्याचा इलाज कर्नलपाशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापाशी, दुसऱ्याचा डेस्कटॉपच्या मांडणीत. लोक दोन्हीला ‘रिझोल्यूशनचा प्रॉब्लेम’ म्हणतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला देतात. या यंत्रावर तसंच झालेलं होतं. पुढे पाहू तसं आत तिसरंही एक दुखणं लपलेलं निघालं, आणि खरं तर सगळी गुंतागुंत त्यानेच केली होती.

एक व्यवहाराची सूचना आधीच देतो. आज्ञा आणि फायलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थात इंग्रजी अक्षरांतच, आणि आकडेही इंग्रजीच.

फुगलेली अक्षरं

सेटिंग्जमधल्या डिस्प्लेच्या खिडकीत ८०० × ६०० आणि ६४० × ४८० एवढेच दोन पर्याय होते. पडदा १०२४ आडवा, त्यावर ८०० ठिपक्यांचं चित्र ताणलेलं. म्हणजे रुंदी १.२८ पट, उंची जशीच्या तशी. हे डोळ्यांनीही पकडता येतं: आडव्या रेघा धारदार दिसतात, उभ्या रेघांना दोन्ही बाजूंनी धुरकट कड येते. देवनागरीत तर लगेच कळतं. शिरोरेषा स्वच्छ आणि काना फिसकटलेला दिसला, की चित्र फक्त आडवं ताणलं जातंय असं समजावं. सगळंच धुरकट असेल तर दोन्ही दिशांना ताण आहे, आणि मग कारण वेगळं.

टर्मिनलमध्ये ‘एक्सरँडआर’ ही पडद्यांची माहिती देणारी आणि त्यांची मापं बदलणारी आज्ञा दिली. उत्तराच्या पहिल्याच ओळीत ‘आउटपुट डिफॉल्टचा गॅमा मिळाला नाही’ अशी तक्रार आली आणि जोडणीचं नाव ‘डिफॉल्ट’. निदानाच्या दृष्टीने हा शब्द सोन्याच्या मोलाचा आहे. ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चालू असेल तर असल्या लॅपटॉपच्या पडद्याचं नाव ‘एलव्हीडीएस’ असं दिसतं, मॉनिटरच्या जागेला ‘व्हीजीए’ म्हणतात. ‘डिफॉल्ट’ दिसलं की समजायचं, ड्रायव्हर जागेवर नाही आणि यंत्र वेसा नावाच्या कामचलाऊ वाटेने चित्र काढतंय. वेसाला स्वतःची अक्कल नसते. ग्राफिक्सच्या बायोसमध्ये, म्हणजे चिपसोबत येणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, कारखान्यातून जी रिझोल्यूशन्स लिहून आली, त्यांतलंच एक तो निवडतो. त्या यादीत ६४० × ४८०, ८०० × ६००, १०२४ × ७६८ अशी चौकोनी मॉनिटरच्या जमान्यातली मापं असतात. १०२४ × ६०० हे नेटबुकचं आडमाप तिथे बहुतेक वेळा नसतंच.

खरा ड्रायव्हर का नाही, याचं उत्तर कर्नलला बूट होताना काय सांगितलं गेलं त्यात होतं. ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘सीएमडीलाइन’ फाइल वाचली तर शेवटी शब्द होता ‘नोमोडसेट’.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा शब्द फार जणांच्या यंत्रात विनाकारण मुक्काम ठोकून असतो. पूर्वी पडद्याचं रिझोल्यूशन ठरवण्याचं काम एक्स सर्व्हर, म्हणजे डेस्कटॉपचं चित्र काढणारा प्रोग्राम, करायचा. २००९ च्या मार्चमध्ये आलेल्या २.६.२९ या कर्नलपासून इंटेलच्या ग्राफिक्ससाठी ते काम कर्नलने स्वतःकडे घेतलं. यालाच कर्नल मोडसेटिंग म्हणतात. ‘नोमोडसेट’ म्हणजे कर्नलला दिलेली ताकीद: तू यात पडू नकोस. आजच्या इंटेल ड्रायव्हरला कर्नलच्या या मदतीशिवाय चालताच येत नाही, त्यामुळे ही ताकीद दिली की तो बाजूला होतो आणि वेसा पुढे येतो. बसवताना पडदा काळा पडला तर तात्पुरती सोय म्हणून हा शब्द ठीक आहे. पण इन्स्टॉलर तो शब्द नव्या यंत्रणेच्या ग्रब फायलीतही (ग्रब म्हणजे बूट होताना कर्नल सुरू करणारा प्रोग्राम) उतरवतो, आणि तात्पुरती सोय कायमची होऊन बसते.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “दादा, बसवताना स्क्रीन पूर्ण ब्लॅक होत होती. हा शब्द टाकल्यावर दिसायला लागली.” त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, काळ्या पडद्यावर कुणी काय बसवणार? पण त्यातून पुढची साखळी सुरू झाली. रिझोल्यूशन ८०० × ६०० वर अडकलं, म्हणून त्याने ‘सीव्हीटी’ आज्ञेने १०२४ × ६०० ची मोडलाइन, म्हणजे पडद्याला चित्र कोणत्या मापाने आणि वेगाने पाठवायचं ते सांगणारी ओळ, काढली: ४९.०० मेगाहर्ट्झ, आडवे १०२४, १०७२, ११६८, १३१२, उभे ६००, ६०३, ६१३, ६२४. गणित बरोबर आहे, ४९ मेगाहर्ट्झला १३१२ आणि ६२४ ने भागलं की सेकंदाला सुमारे ५९.८५ चित्रं येतात. ही मोडलाइन त्याने एक्सओआरजीच्या, म्हणजे एक्स सर्व्हरच्या, कॉन्फ फायलीत लिहिली आणि त्याच फायलीत ड्रायव्हर म्हणून ‘वेसा’ नेमला. मोडलाइन निर्दोष, पण वेसा ती वापरूच शकत नाही; त्याला बायोसच्या यादीबाहेरचं काही कळत नाही. एक्सरँडआरने नवा मोड घालायचा प्रयत्नही याच कारणाने फसतो. माझ्या मते छोट्या लॅपटॉपवर मोडलाइन लिहायची वेळ आली, तर शंभरात नव्वद वेळा आपण चुकीच्या दारात उभे असतो. लॅपटॉपच्या आतल्या पडद्याला त्याचं माप ठाऊक असतं; प्रश्न एवढाच, की ते विचारणारा ड्रायव्हर जागा आहे का.

‘९१५रिझोल्यूशन’ नावाचा एक जुना प्रोग्रामही कुणी कुणी सुचवतं. तो बायोसची ती यादी स्मृतीत बदलायचा आणि कर्नल मोडसेटिंगच्या आधीच्या काळात फार उपयोगी होता. आता त्याच्या वाट्याला जायची गरज नाही.

काळा पडदा आणि मोबाइलचा टॉर्च

‘नोमोडसेट’ काढायचं, पण काढलं की पडदा काळा. म्हणून कायमचा बदल करण्याआधी तात्पुरती चाचणी. बूट होताना ग्रबचा मेनू आला की ‘ई’ दाबायचं, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून तो शब्द खोडायचा आणि एफ१० दाबायचं. हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो. बिघडलं तर बटण दाबून बंद करायचं आणि पुन्हा सुरू केलं की सगळं पूर्ववत. ग्रबच्या फायलीत थेट हात घालण्याआधी ही पायरी मी कधीच सोडत नाही. त्याआधी दोन कामं उरकून घेतली. एक्सओआरजीच्या कॉन्फ फायलीचं नाव बदलून ती बाजूला ठेवली, कारण कर्नलचा ड्रायव्हर हजर असला की वेसा कामच नाकारतो, आणि फायलीत वेसाचाच हट्ट असेल तर डेस्कटॉप उघडत नाही. दुसरं, एसएसएच सर्व्हर बसवून घेतला, म्हणजे पडदा गेला तरी मोबाइलच्या टर्मिनलमधून वायफायने आत शिरता येईल.

पडदा काळा झाला. अपेक्षेप्रमाणेच.

आता काळ्या पडद्याचे दोन प्रकार असतात: चित्रच नसणं आणि चित्र असून मागचा दिवा बंद असणं. ओळखायला कसलंही साधन लागत नाही. दुकानातला बल्ब मालवला, मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरका, अगदी चिकटवून धरला. काळ्यावर फिकट करडी लॉगिनची चौकट दिसली. दिवाणजी खाली वाकून बघत म्हणाले, “हाय की वो आत!”

म्हणजे ड्रायव्हर ठणठणीत, चित्र बरोबर, फक्त पाठीमागचा दिवा विझलेला. मोबाइलवरून आत शिरून ‘सिस’ फोल्डरातल्या ‘क्लास’मधलं ‘बॅकलाइट’ पाहिलं. तिथे एकच नोंद होती, ‘एसीपीआय_व्हिडिओ०’. तिच्यात उजेडाचा आकडा वाढवला. आकडा बदलला, दिवा काही लागला नाही. याचा अर्थ कर्नल उजेडाचं काम यंत्राच्या फर्मवेअरमार्फत, म्हणजे त्यात कारखान्यातून बसवलेल्या प्रोग्राममार्फत, करू पाहतोय आणि फर्मवेअर मान डोलावून गप्प बसतंय. कर्नलला सांगायचं, की फर्मवेअरला मध्ये घेऊ नकोस, ग्राफिक्सच्या चिपशी थेट बोल. त्यासाठीचे शब्द ‘एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह’. पुन्हा ग्रबमध्ये ‘ई’, ते शब्द घातले, एफ१०. पडदा उजळला आणि ‘बॅकलाइट’ फोल्डरात ‘इंटेल_बॅकलाइट’ अशी नवी नोंद दिसली. काही नेटबुकांवर ‘नेटिव्ह’ऐवजी ‘व्हेंडर’ लागतं. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर उजेड सांभाळत असेल तर. एकेक घालून बघायचं, दोन्ही एकदम घालायचे नाहीत.

म्हणजे मूळ रोग उजेडाचा होता. उजेडावरचा उपाय म्हणून ग्राफिक्सचा ड्रायव्हरच बंद केला गेला, आणि ड्रायव्हर बंद म्हणून रिझोल्यूशन गेलं.

नसलेला टीव्ही

अक्षरं आता सडपातळ झाली होती, शिरोरेषा आणि काना दोन्ही धारदार. पण खालची पट्टी, जिच्यावर मेनू आणि घड्याळ असतं, ती गायब. उंदीर (माउस) खाली नेला की तो पडद्याच्या कडेतून आरपार जाई आणि दिसेनासा होई. दिवाणजींचं मत पडलं, की आधीचंच बरं होतं, निदान घड्याळ तरी दिसत होतं.

पुन्हा एक्सरँडआर. या वेळी खरी नावं आली. ‘एलव्हीडीएस१’, जोडलेला, १०२४ × ६००. ‘व्हीजीए१’, न जोडलेला. आणि ‘टीव्ही१’, जोडलेला, १०२४ × ७६८!

दुकानात टीव्ही नाही. लॅपटॉपला टीव्हीची वायर लावायला भोकसुद्धा नाही. मात्र ग्राफिक्सच्या चिपमध्ये टीव्हीला चित्र पाठवण्याची सोय जन्मजात आहे, कारण हेच चिप घराणं मोठ्या लॅपटॉपांतही वापरलं जायचं आणि त्यांना एस-व्हिडिओचं भोक असायचं. टीव्ही लावलाय का, हे ड्रायव्हर त्या पिनांवरचा विद्युत भार मोजून ठरवतो. पिना कुठेच जोडलेल्या नसल्या तर काही बोर्डांवर हे मोजमाप फसतं आणि ड्रायव्हरला टीव्हीचा भास होतो. मग दोन पडदे आहेत असं समजून एक्स मोठ्या मापाचा, म्हणजे १०२४ × ७६८ चा डेस्कटॉप बनवतो आणि दोन्हीकडे डाव्या वरच्या कोपऱ्यापासून दाखवायला लागतो. आपल्या पडद्याला त्यातल्या वरच्या ६०० रांगा मिळतात. उरलेल्या १६८ रांगा, मेनू आणि घड्याळासकट, त्या नसलेल्या टीव्हीवर चालू असतात.

हा प्रकार एन२७० च्या यंत्रांत पूर्वीपासून माहीत असलेला आहे, पण लक्षण फसवं आहे. पट्टी खाली गेली म्हणून लोक पट्टीची सेटिंग्ज उलथीपालथी करतात, किंवा रिझोल्यूशन कमी करून बघतात. कमी केलं की पट्टी खरंच वर येते, आणि मग चुकीचा इलाज बरोबर वाटायला लागतो.

‘एक्सरँडआर’ला ‘टीव्ही१ ऑफ’ सांगितल्याबरोबर पट्टी जागेवर आली. पण ते लॉगिननंतरचं झालं. लॉगिनचा पडदा आणि बूट होतानाची अक्षरं तशीच राहणार, म्हणून नसलेला टीव्ही कर्नलपाशीच बंद केलेला बरा. त्यासाठी कर्नल त्या जोडणीला काय नावाने ओळखतो ते लागतं, आणि इथे हमखास चूक होते. एक्सचा इंटेल ड्रायव्हर तिला ‘टीव्ही१’ म्हणतो. कर्नल म्हणतो ‘एसव्हिडिओ-१’, मध्ये आडवी रेघ. कर्नलची नावं ‘सिस’मधल्या ‘क्लास’खालच्या ‘डीआरएम’ फोल्डरात फोल्डरांच्या रूपात दिसतात, आणि प्रत्येकात ‘स्टेटस’ नावाची फाइल असते. तिथे ‘कार्ड०-एसव्हिडिओ-१’ मध्ये ‘कनेक्टेड’ लिहिलेलं सापडलं. बूटच्या ओळीत घालायचे शब्द झाले ‘व्हिडिओ=एसव्हिडिओ-१:डी’. शेवटचा ‘डी’ म्हणजे बंद.

आता कायमचा बदल. ‘ईटीसी’तल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातली ‘ग्रब’ फाइल उघडली. डिफॉल्ट कमांडलाइनच्या ओळीतून ‘नोमोडसेट’ काढलं, ‘क्वाएट’ राहू दिलं, आणि उजेडाचे व टीव्हीचे शब्द मध्ये मोकळी जागा सोडून त्याच अवतरणचिन्हांत घातले. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. पुन्हा सुरू केल्यावर बूटची अक्षरंसुद्धा बारीक आणि नीट आली. ‘व्हीजीए’ची जोडणी मुद्दाम चालू ठेवली, तिचं काम शेवटी येतं.

रिझोल्यूशन बरोबर, तरी बटण नाही

इथे बरेच जण हात झटकतात. पडदा त्याच्या खऱ्या मापावर आला, काम संपलं. दिवाणजींचं काम मात्र छापल्यावर संपतं, आणि प्रिंटच्या खिडकीचं खालचं बटण अजूनही पडद्याखाली होतं.

६०० रांगा फार कमी आहेत. बहुतेक प्रोग्राम करणारे निदान ७६८ रांगा गृहीत धरतात, आणि त्यांचं तरी काय चुकलं, गेली कित्येक वर्षं त्याहून छोटा लॅपटॉप विकायलाच नव्हता. पण या दुकानात आणखी एक गोष्ट आड येत होती. मी सहज डेस्कटॉपची भाषा इंग्रजी करून पाहिली, तर तीच प्रिंटची खिडकी पडद्यात मावली. मराठी केली की परत बटण खाली. देवनागरीला वर रफार-मात्रा आणि खाली उकार-जोडाक्षरं यांसाठी जागा लागते, म्हणून ओळीची उंची वाढते. एका ओळीला तीन-चार ठिपके जास्त, पण खिडकीत वीस ओळी असतील तर सत्तरेक ठिपके वर गेले. छोट्या पडद्यावर लिनक्स मराठीतून वापरणाऱ्याला ही किंमत मोजावी लागते. इंग्रजीत चाचणी करून दिलेले सल्ले आपल्याकडे अपुरे पडतात ते यामुळेच.

इंग्रजी ठेवून देणं सोपं होतं. दिवाणजींनी मान हलवली: “न्हाई साहेब, मराठीच असू द्या. मी नसलो की पोरगं बसतंय इथं, त्येला कळाय पाहिजे.” मग रांगा दुसरीकडून वाचवायच्या.

सर्वांत आधी खालची पट्टी उचलून डावीकडे उभी लावली. एक्सएफसीईच्या पॅनेलला ‘डेस्कबार’ नावाची मांडणी आहे. तीत पट्टी उभी राहते आणि अक्षरं मात्र आडवीच राहतात. या पडद्यावर आडवी जागा भरपूर आणि उभी टंचाई, त्यामुळे हा बदल एकटाच निम्मं काम करतो. विंडो मॅनेजरच्या बारीक सेटिंग्जमध्ये ‘मोठ्या केलेल्या खिडकीचं शीर्षक लपवा’ अशी एक खूण असते, ती लावली. लिब्रेऑफिसच्या ‘व्ह्यू’ मेनूतून दोन टूलबारांऐवजी एकच टूलबार ठेवला. डेस्कटॉपचा फॉन्ट १० वरून ९ केला.

डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके धरायचे तो आकडा, मात्र हलवला नाही. ९६ चा ८० करा, सगळं मावेल, असा सल्ला ठरलेला असतो. इथलं गणित वेगळं आहे. १०.१ इंचांत १०२४ × ६०० म्हणजे पडद्यावर इंचाला सुमारे ११७ ठिपके. यंत्र ९६ धरून चालतंय, म्हणजे अक्षरं आधीच कागदावरच्या मापापेक्षा बारीक दिसताहेत. त्यात आणखी घट केली तर इंग्रजी वाचता येईल, पण अनुस्वार आहे की नाही, उकार ऱ्हस्व की दीर्घ, हे साठीच्या माणसाला उन्हात कळणार नाही. आणि शेतकऱ्याचं नाव पट्टीवर चुकलं की बँकेत अडतं.

एवढं करून नेहमीच्या खिडक्या मावल्या. प्रिंटची तरी काठावरच राहिली. तिच्यासाठी दिवाणजींना ऑल्टची किल्ली शिकवली: ऑल्ट दाबून धरायचं, खिडकीत कुठेही उंदराने पकडून वर ढकलायचं, शीर्षक पडद्याच्या वर गेलं तरी चालतं, खालचं बटण वर येतं. त्यांना ते पहिल्या झटक्यात जमलं. शिवाय प्रिंटच्या खिडकीत ‘छापा’ हेच ठरीव बटण असल्यामुळे ते दिसो न दिसो, एंटर दाबलं की छपाई सुरू होते. पण न दिसणाऱ्या बटणावर दिवाणजींचा भरवसा नाही, आणि पैशाचा कागद छापणाऱ्या माणसाने तो ठेवूही नये.

एखादी खिडकी इतकी उंच निघाली की ऑल्टनेही भागेना, तर त्यासाठी पॅनेलवर दोन बटणं करून दिली, ‘लहान’ आणि ‘नेहमीचं’. ‘लहान’ दाबलं की एक्सरँडआर ‘एलव्हीडीएस१’ला ‘स्केल १.२५ × १.२५’ आणि ‘पॅनिंग १२८० × ७५०’ असं सांगतो. यंत्र १२८० × ७५० चा डेस्कटॉप मनातल्या मनात काढतं आणि तो आवळून १०२४ × ६०० मध्ये दाखवतं. पॅनिंग नाही दिलं तर काही आवृत्त्यांत उंदीर जुन्या हद्दीतच अडकून बसतो, म्हणून दोन्ही सोबत. पाच ठिपके चारांत कोंबले की अक्षरं धुरकट होतात आणि हा प्रोसेसर घामाघूम होतो, तेव्हा काम झालं की ‘नेहमीचं’ दाबायचं. नुसत्या उभ्या दिशेला १.२८ ने आवळून १०२४ × ७६८ ही मिळवता येतं. मी ते टाळतो. चपटी देवनागरी वाचायला फार त्रास होतो.

दुकानातला मॉनिटर

संध्याकाळी लॅपटॉप गादीजवळच्या टेबलावर येतो आणि व्हीजीएच्या वायरीने १३६६ × ७६८ चा जुना मॉनिटर लागतो. एक्सएफसीई नवा पडदा आपोआप उजवीकडे मांडतं. तसं केल्यावर खिडक्या सरकवताना यंत्र इतकं मंदावलं, की मालक म्हणाले हे भंगारात काढा. कारण पुन्हा मापाचंच. १०२४ आणि १३६६ शेजारी ठेवले की रुंदी २३९० होते, आणि जीएमए ९५० च्या त्रिमिती भागाला कोणत्याही दिशेला २०४८ च्या पुढे हाताळता येत नाही. हद्द ओलांडली की चिपऐवजी सगळा भार प्रोसेसरवर पडतो. मॉनिटर ‘उजवीकडे’ऐवजी ‘वर’ मांडला. आता रुंदी १३६६, उंची ६०० अधिक ७६८ म्हणजे १३६८, दोन्ही हद्दीत. टेबलावर मॉनिटर प्रत्यक्षात शेजारीच आहे, त्यामुळे उंदीर उजवीकडे न नेता वर न्यावा लागतो. याची सवय व्हायला दिवाणजींना थोडे दिवस लागले, अधूनमधून शिव्याही ऐकू आल्या.

बॅटरीखालच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवली आहे. तीत बूटच्या ओळीत घातलेले दोन्ही शब्द इंग्रजी अक्षरांत आहेत आणि खाली ‘नोमोडसेट घालू नये’ असं मराठीत. कर्नलचे किरकोळ अपडेट आले तरी ग्रबची ओळ शाबूत राहते, तेव्हा ते बिनधास्त घ्यावेत. डेबियन १३ वर मात्र हे यंत्र न्यायचं नाही; २०२५ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत ३२-बिट यंत्रांसाठी ना कर्नल आहे ना इन्स्टॉलर, आणि एन२७० हा निव्वळ ३२-बिट प्रोसेसर आहे. भाच्यालाही हे फोनवर सांगून ठेवलं. सुट्टीत घरी आला की तो पहिलं काम ‘अपग्रेड’चं काढतो, असं मालकांचं म्हणणं.